वाट पाहणारी प्रार्थना

जूनच्या सुरुवातीला नरडाण्याच्या शिवारात आभाळ कोरडे असते, तरी काही शेतकरी कपाशीचे बी धुळीत टोबून मोकळे होतात. याला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पीक इतरांच्या पुढे निघते. नाही आला तर बियाण्याचा पैसा मातीत जातो आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारी मागावी लागते. ख्रिस्ती प्रार्थनेबद्दलचा सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड प्रश्न याच जातीचा आहे. देवाकडे मागितले, तर ते मिळेल असे धरून चालायचे का? धरायचे तर कुठपर्यंत? आणि नाही मिळाले तर पुढच्या रविवारी उपासनेला कोणत्या मनाने बसायचे?

नरडाणा धुळ्याहून शिरपूरला जाणाऱ्या आग्रा रोडवर आहे. सुरत–भुसावळ मार्गावरचे स्टेशन आहे, शेजारी एमआयडीसी आहे, उत्तरेला तापी आहे, आणि तापी इतकी जवळ असूनही शिंदखेडा तालुक्याची ओळख अवर्षणाचा तालुका अशीच राहिली. या पट्ट्यात ख्रिस्ती घरे विरळ. पश्चिमेला नवापूरकडे सरकत जावे तशी ती दाट होतात. तिथल्या घरगुती प्रार्थनासभांत मागण्या होतात त्या अहिराणीत, मावचीत, भिलीत, आणि त्या अगदी रोकड्या असतात: पाऊस, मुलाला कंपनीत काम, मुलीला स्थळ, नवऱ्याची दारू सुटणे, आईचा ताप उतरणे. अपेक्षेने प्रार्थना करावी की नाही, हा प्रश्न तिथे कुणी पुस्तकातला म्हणून चर्चेला घेत नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस पडले आहे त्याच्यासाठी तो आज रात्रीचा प्रश्न असतो.

खानदेशात या प्रश्नाला खास इतिहासही आहे. इथे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्म ज्या मिशनऱ्यांनी आणला, त्यांतले बरेचजण अपेक्षेची प्रार्थना हाच पाया मानणाऱ्या परंपरेतले होते. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काम करणाऱ्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची स्थापना फ्रेड्रिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत केली. चीनमधील मिशनरी हडसन टेलर यांनी हजार प्रचारकांसाठी हाक दिली होती, त्या हाकेतून फ्रान्सन पेटून उठले होते. पूर्वेला, भुसावळ आणि जळगाव भागात, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम उभे राहिले. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन न्यूयॉर्कचे पाळक होते. १८८१ मध्ये हृदयाच्या दुखण्यातून आपण प्रार्थनेने बरे झालो अशी त्यांची साक्ष होती, आणि येशू तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा व पुन्हा येणारा राजा आहे हा त्यांच्या शिकवणीचा चौपदरी सारांश होता. बांधलेल्या पगाराच्या भरवशावर निघायचे नाही, प्रार्थना करायची आणि येईल त्यात चालवायचे, ही या सगळ्या मंडळींची मूळ धारणा. आज खानदेशातल्या एखाद्या छोट्या मंडळीत पाळक आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून ठामपणे बोलतो, तेव्हा त्या आवाजात ही सव्वाशे वर्षे आहेत.

या परंपरेच्या मुळाशी इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातला एक जर्मन माणूस आहे. जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) यांनी १८३६ मध्ये भाड्याच्या घरात अनाथालय सुरू केले, आणि पुढे अ‍ॅशली डाऊनवर पाच मोठ्या इमारती उभ्या केल्या, ज्यांत दोन हजारांवर मुलांची सोय होती. कुणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, गरज फक्त देवाला सांगायची, हा त्यांचा नेम. मागणी कोणत्या तारखेला केली आणि उत्तर कोणत्या तारखेला आले हे ते लिहून ठेवत. टीकाकारांचे म्हणणे असे की म्युलर वार्षिक अहवाल छापून वाटत होते आणि ते वाचूनच लोक पैसे पाठवत होते. आक्षेपात तथ्य आहे. पण अहवाल छापणारे अनाथाश्रम त्या काळी पुष्कळ होते, आणि त्यांतले फार थोडे या नेमावर साठ वर्षे टिकले, हेही तितकेच खरे.

मला म्युलरांची वेगळीच नोंद जास्त मोलाची वाटते. नोव्हेंबर १८४४ मध्ये त्यांनी पाच जणांच्या मनपरिवर्तनासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिल्याला दीड वर्ष लागले. दुसऱ्यासाठी आणखी पाच वर्षे, तिसऱ्यासाठी आणखी सहा. छत्तीस वर्षांनंतर एका प्रवचनात त्यांनी सांगितले की दोघे अजून तसेच आहेत, आणि मी अजून मागतो आहे. अपेक्षेची प्रार्थना म्हणजे आज मागितले आणि उद्या मिळाले, असे म्युलरांच्या नावाने सांगणाऱ्यांनी ही छत्तीस वर्षे वाचलेली नसतात.

म्युलरांविषयीचे एक पुस्तक महाराष्ट्रात एका बाईच्या हाती पडले, आणि इथून या विषयाचा खरा मराठी अध्याय सुरू होतो.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना प्रार्थनेच्या अपेक्षाभंगाची ओळख ख्रिस्ती होण्याच्या फार आधीपासून होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि भावंडांसह त्या तीर्थांमागून तीर्थे फिरल्या. होते नव्हते ते दानधर्मात गेले, उपास झाले, अनुष्ठाने झाली, आणि १८७४ मध्ये वडील अनंतशास्त्री व आई लक्ष्मीबाई दोघेही गेले. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. बिपिनबिहारी मेधावींशी झालेला संसार दोन वर्षेही टिकला नाही, १८८२ मध्ये पटकीने त्यांना नेले. ज्या बाईने एवढे पाहिले, तिने पुढे देवाकडे काही नेमके मागण्याचे धाडस करावे, ही गोष्ट माझ्या मते तिच्या विद्वत्तेपेक्षा मोठी आहे.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तकात रमाबाई सांगतात की म्युलर, हडसन टेलरांचे चायना इनलंड मिशन आणि न्यू हेब्रिडीजमधले जॉन पेटन यांच्याविषयीची तीन पुस्तके त्यांनी पाठोपाठ वाचली, आणि त्यांना प्रश्न पडला: देवावर असा भरवसा टाकून भारतात काम चालवता येईल का? बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दिलेले मदतीचे वचन दहा वर्षांचे होते आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. प्रश्न तात्त्विक नव्हता. शारदा सदनातल्या विधवा मुलींच्या जेवणाचा होता. त्यांनी प्रार्थना केली आणि केडगावला जमीनही घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या शिबिरात त्यांच्यासोबत पंधरा मुली होत्या. पुढच्या वर्षीच्या शिबिराआधी या संख्येचा वर्ग कर, पंधराच्या पंधरापट, म्हणजे दोनशे पंचवीस दे, अशी नेमकी मागणी त्यांनी केली. त्याच साली दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, भुकेने वाळलेल्या मुली गोळा केल्या आणि पुण्याकडे आणू लागल्या. वर्ष संपता संपता मागितलेला आकडा पुरा झाला, असे त्यांनीच नोंदवले आहे. ही हकीकत प्रवचनांत सांगितली जाते तेव्हा बहुधा आकड्यावर टाळ्या पडतात. मला तिथे थांबता येत नाही. या प्रार्थनेचे उत्तर दुष्काळाच्या वाटेने आले. मागणाऱ्या बाईला ते स्वीकारायचे तर बैलगाडीने खेडी पालथी घालावी लागली, रोगराई अंगावर घ्यावी लागली, आणि लहानपणीची स्वतःची भूक पुन्हा एकदा समोर बसलेली पाहावी लागली. देव देईल असे खरेच धरून चालणाऱ्याला, दिलेले सांभाळायची तयारीही ठेवावी लागते. ही बाजू आपल्या सभांत फार कमी बोलली जाते.

नंतर १९०५. वेल्समधल्या उज्जीवनाची वार्ता केडगावला पोहोचली होती. जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला तयार असणाऱ्यांना बोलावले. सुरुवातीला सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात ज्याला उज्जीवन म्हणतात ते सुरू झाले: रडणे, पापकबुली, तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना. रमाबाईंच्या सहकारी मिनी अ‍ॅब्रम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या हूवर दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ मधल्या तिथल्या पेन्टेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. केडगावची प्रार्थना दक्षिण अमेरिकेत पोहोचली ती अशी. पण सहा महिने रोज दोन वेळा जमणे आणि काहीच घडत नसताना संख्या वाढत जाणे, हा भाग मला त्या जूनमधल्या रात्रींपेक्षा अधिक विचार करायला लावतो.

याच रमाबाईंच्या घरी १९२१ च्या जुलैत त्यांची मुलगी मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस. आईनंतर मुक्तीचे काम सांभाळेल ती हीच, असे सगळे धरून होते. त्या आजारपणात केडगावात प्रार्थना झाली नसेल असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. जगात इतक्या जणी एकत्र जमून इतक्या अपेक्षेने प्रार्थना करत असतील अशी ठिकाणे फार नव्हती. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही राहिल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या काळात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या आपल्या सोप्या मराठी बायबलची मुद्रिते तपासत होत्या. ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

युरोपात जवळपास पाचशे वर्षांपूर्वी अशीच जोडी सापडते. १५४० मध्ये मरणाला टेकलेल्या आपल्या सहकारी मेलांख्थोनसाठी मार्टिन लूथरने जवळजवळ भांडून प्रार्थना केली आणि मेलांख्थोन उठला. दोनच वर्षांनी लूथरची लाडकी मुलगी माग्दालेना त्याच्या मिठीत गेली. माणूस तोच, विश्वास तोच. ज्यांचे प्रार्थनाजीवन आपण आदर्श म्हणून दाखवतो, त्यांच्या आयुष्यात दोन्ही उत्तरे आहेत. आपण मात्र एकच सांगतो.

आता शास्त्राकडे. शुभवर्तमानांतच दोन वाटा आहेत. मार्कच्या अकराव्या अध्यायात येशू म्हणतो की प्रार्थनेत जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा. त्याच मार्कच्या चौदाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेत, तोच येशू प्याला टळावा म्हणून विनवतो आणि अखेरीस पित्याच्या इच्छेवर सोपवतो. प्याला टळत नाही. सी. एस. लुईस यांनी १९५३ मध्ये ऑक्सफर्डच्या पाळकांसमोर हाच पेच मांडला: मिळेलच अशी खात्री आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात कशी म्हणायची? त्यांनी उत्तर दिले नाही, ऐकणाऱ्यांकडेच मागितले. प्रामाणिक शेवट होता तो.

पुष्कळ मंडळ्या या पेचातून सोपी वाट काढतात. एक गट पहिले वचन धरतो आणि दुसरे शंकेखोरांसाठी ठेवतो. त्यातून विसाव्या शतकात अमेरिकेत केनेथ हेगिन वगैरेंची शिकवण वाढली: मुखाने कबूल करा, हक्काने घ्या, आजार दिसला तरी मानू नका. टीव्ही आणि मोबाईलवरून ती आता खेड्यापर्यंत आली आहे. दुसरा गट प्रत्येक मागणीच्या शेवटी 'तुझी इच्छा असेल तर' असे इतक्या सवयीने जोडतो की मागणीत जीवच उरत नाही. मला दोन्हींत धोका दिसतो, आणि आपल्या जुन्या, स्थिरावलेल्या मंडळ्यांत दुसरा धोका अधिक आहे. पाळक आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात, सगळे आमेन म्हणतात, आणि आमेननंतर कुणी त्या आजाऱ्याची चौकशीसुद्धा करत नाही, कारण काही होईल असे कुणी धरलेलेच नसते.

मागणीत जीव कसा असतो ते हन्नेकडे पाहावे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली ही निपुत्रिक बाई शिलोच्या मंदिरात इतकी कळवळून प्रार्थना करते की एली याजकाला ती प्यायलेली वाटते. तिचे ऐकल्यावर तो तिला शांतीने जा म्हणतो. मग ती जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास दिसत नाही. मूल व्हायला अजून किती काळ आहे, होईल की नाही, काही ठरलेले नाही. बदलली आहे ती हन्ना. एलीया पावसासाठी कर्मेलावर डोके गुडघ्यांत घालून बसतो आणि चाकराला समुद्राकडे सात वेळा पाठवतो. सहा वेळा चाकर येऊन सांगतो, काही नाही. सातव्यांदा माणसाच्या हाताएवढा ढग दिसतो. शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. आणि दानीएलच्या पुस्तकातले तीन तरुण धगधगत्या भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यांच्या अपेक्षेत उणीव नाही आणि अटही नाही. लुईसच्या पेचाला उत्तर असेल तर ते मला या तिघांच्या उभे राहण्यात दिसते, कुठल्याही सूत्रात नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे परके वाटू नये. ना. वा. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि त्या पुलावरून येताना त्यांनी संतांची सलगी, हट्ट, रुसवा हेही सोबत आणले. आईजवळ लेकराने मागावे तशी त्यांची प्रार्थना आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई टिळकांपासून जी ताटातूट झाली, ती संपण्याची वाट त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ती वाट दोन्ही बाजूंनी दिसते. मुंबईत बांद्र्याच्या मोतमाउलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, बाळ वाहिले जातात, आणि माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक रांग लावतात. प्रॉटेस्टंट मंडळी याला नवस म्हणून नाक मुरडतात. मेणाचा पाय हातात धरून उभ्या असलेल्या बाईला काय हवे आहे याविषयी तिच्या मनात तरी संदिग्धता नसते, आणि एवढा नेमकेपणा आमच्या शुद्ध प्रार्थनांत आला तर बरे होईल असे मला वाटते. सौदा वाईट, पण मागणीच धूसर ठेवून सौदा टाळता येत नाही.

आजाराच्या बाबतीत मात्र अपेक्षेच्या नावाखाली खरे नुकसान होते, आणि तिथे मवाळ बोलून चालणार नाही. चंगाईच्या सभेत बरे झालेला माणूस माईकपुढे येतो. बरे न झालेल्याला कुणी माईक देत नाही. दहा वर्षे हेच ऐकलेल्या मंडळीला वाटू लागते की सगळेच बरे होतात, आणि जो झाला नाही त्याच्याच विश्वासात खोट आहे. आजारी माणसावर आजाराचे ओझे असतेच, त्यावर दोषाचे दुसरे ठेवले जाते. याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायात वडिलांनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे, तिथे विश्वासाची प्रार्थना वडिलांनी करायची आहे. आजाऱ्याने फक्त त्यांना बोलवायचे आहे. हे ध्यानात घेतले तर निम्मा छळ थांबेल.

औषधे बंद करायला सांगणे हा विश्वास नव्हे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि तसले काही येशूच्या नावाने करणाऱ्यालाही त्यातून सूट मागता येऊ नये. खानदेशाची स्वतःची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. नवापूर तालुक्यातले चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आदिवासी भागात पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. मिशन इस्पितळांत शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करण्याची रीत आहे. प्रार्थना झाली म्हणून कुणी सुरी निर्जंतुक करायची राहत नाही. कॅथलिक बायबलातल्या बेनसिराच्या ग्रंथात अडतिसाव्या अध्यायात आजाऱ्याला आधी प्रार्थना आणि मग वैद्य, दोन्ही सांगितले आहेत. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, त्यामागेही ही दोन्ही एकत्र होती.

विज्ञानाने हा प्रश्न तपासून पाहिला आहे. हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के निघाले, म्हणजे जवळपास सारखेच. प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्के सांगितले होते, त्यांच्यात ते ५९ टक्के. विश्वासणाऱ्याने हा निष्कर्ष दडवू नये. पण ती प्रार्थना अनोळखी लोकांनी पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर वाचून, नेमून दिलेल्या दिवसांत केलेली होती. मोजता यावी म्हणून तिच्यातून नाते काढून टाकले होते. देवाला मापाने तपासता येत नाही म्हणून प्रयोग चुकीचा, असे मी म्हणणार नाही. ज्याची तपासणी झाली ती हन्नेची प्रार्थना नव्हती, एवढे मात्र म्हणेन.

प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात या सगळ्या प्रश्नाचा जणू नमुनाच आहे. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, मग पेत्राला धरतो. मंडळी पेत्रासाठी रात्रभर प्रार्थना करते. देवदूत त्याला सोडवतो, तो थेट मरीयेच्या घरी येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचेच विसरते आणि आत धावत जाऊन सांगते. आत गुडघ्यांवर असलेले लोक तिला म्हणतात, तुला वेड लागले आहे. ज्याच्यासाठी मागत होते तोच दाराशी उभा, आणि त्यांचा विश्वास बसत नाही. तरी पेत्र सुटला. त्यांच्या अपेक्षेच्या वजनावर देवाने काही मोजले नाही. आणि याकोब? तो याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात मेला आहे. त्याच्यासाठीही याच माणसांनी प्रार्थना केली असणार. लूक दोन्ही घटना एकापाठोपाठ लिहितो, कारण देत नाही, आणि त्या मंडळीने याकोब गेल्यावर पेत्रासाठी मागणे सोडले नाही एवढे दाखवतो.

म्हणून आपल्या सभांसाठी माझी एक साधी सूचना आहे. साक्षीच्या वेळी ज्यांना मिळाले त्यांच्यासोबत, ज्यांना अजून मिळाले नाही त्यांनाही उभे राहून बोलू द्यावे: कधीपासून मागतो आहे, काय मागतो आहे, आणि आज कुठे पोहोचलो आहे. मंडळीने ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे आणि पुढच्या महिन्यात ती वही उघडून, प्रत्येक नावापाशी थांबून पुन्हा मागावे.